पाचट, पऱ्हाट्या आणि इंधनाची कांडी



ऊसतोडीच्या वेळी आम्ही फडावर आलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "साहेब, आमची तोड कधी?" अलीकडे त्याला जोडूनच दुसरा प्रश्न येऊ लागला आहे, "साहेब, पाचटाले गिऱ्हाईक आलं आहे. देऊन टाकू का?"

व्यापाऱ्याचे म्हणणे ऐकायला गोड असते. शेत फुकट साफ होईल, वर एकरी काही रक्कम हातात पडेल, काडी लावायची दगदग नाही. या पाचटाच्या इंधनकांड्या होतात आणि त्या बॉयलरला, वीटभट्टीला किंवा वीज केंद्राला जातात. काही सभासदांनी तर, "आपणच चार जणांनी मिळून कांडीचे मशीन का टाकू नये?" असेही विचारले. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येण्यासारखे नाही. म्हणून हा पाठ जरा सविस्तर लिहीत आहोत. कांडी म्हणजे काय, ती कशी बनते, कोणत्या मालाची चांगली होते, आपल्या राज्यात या कामाचा अनुभव काय आला आणि शेवटी आपल्या पाचटाचे काय करावे, या क्रमाने वाचावे.

इंधनकांडी म्हणजे काय?

दुभत्या जनावरांना आपण कांडी पेंड घालतो. भरडलेला माल जाड पोलादी चकतीच्या छिद्रांतून दाबून काढला की बोटभर लांबीच्या गुळगुळीत कांड्या पडतात. इंधनाची कांडी तशीच आणि जवळजवळ त्याच जातीच्या मशीनवर होते. फक्त पेंडीऐवजी गवत, काडी, भुसा, कुटार असा वाळलेला वनस्पतीचा माल असतो. बाजारात तिला पेलेट म्हणतात. ती साधारण ६ ते ८ मिलिमीटर जाडीची असते. मोठ्या बॉयलरसाठी याहून जाडही करतात. मनगटाएवढ्या जाड ओंडक्यांना ब्रिकेट किंवा 'पांढरा कोळसा' म्हणतात. तत्त्व दोन्हींचे एकच.

माल आहे तसा जाळता येत असताना त्याची कांडी करण्याचा खटाटोप कशासाठी? उत्तर ट्रॉलीत आहे. सुटे पाचट किंवा गवत एक घनमीटर जागेत ५० ते १०० किलोच मावते. ट्रॉली शिगोशीग भरली, दोर आवळले, तरी वजनकाट्यावर टनभरसुद्धा भरत नाही. म्हणजे आपण डिझेल जाळून वारा वाहून नेतो. तोच माल कांडीच्या रूपात एक घनमीटरमध्ये ६०० ते ७०० किलो मावतो. शिवाय कांडी पोत्यात भरता येते, मोजता येते, भट्टीत सारख्या मापाने सोडता येते आणि सारखी जळते.

उष्णतेचे म्हणाल तर चांगल्या वाळलेल्या शेतमालाच्या कांडीत किलोला साधारण ३,५०० ते ४,००० किलोकॅलरी असतात. आपल्या कारखान्याच्या बॉयलरमध्ये जाणाऱ्या बगॅसमध्ये निम्मे पाणी असते, त्यामुळे त्यात किलोला सुमारे २,२०० च मिळतात. घरच्या १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरमध्ये जेवढी उष्णता असते, तेवढी ४० ते ४५ किलो कांड्यांत असते. म्हणजे काडीकचरा हे हलके दिसले तरी हलक्या मोलाचे इंधन नव्हे.

कांडी कशी बनते?

१) वाळवण. माल १० ते १२ टक्के ओलाव्यावर आणावा लागतो. सगळ्या कामाचा जीव येथे आहे. फार ओला माल मशीनमध्ये वाफ धरतो आणि छिद्रे चोंदतात. फार कोरडा माल चिकटत नाही, भुकटी होऊन पडतो.

२) दळण. वाळलेला माल आधी कुट्टी करून मग हॅमर मिलमध्ये दळतात. भरड साधारण ५ ते ६ मिलिमीटरपेक्षा मोठी नसावी.

३) दाब. ही भरड रोलरखाली येऊन चकतीच्या छिद्रांतून जोराने बाहेर पडते. घर्षणाने माल तापतो. प्रत्येक वनस्पतीत तिचे तंतू बांधून ठेवणारे लिग्निन नावाचे द्रव्य असते. ते उष्णतेने मऊ पडते आणि नैसर्गिक डिंकाचे काम करते. म्हणून चांगल्या कांडीला वरून गूळ, खळ किंवा चिकटा घालावा लागत नाही.

४) थंड करणे. मशीनमधून पडलेली कांडी हाताला चटका देण्याइतकी गरम आणि मऊ असते. गार हवेत निवली की कडक होते. गरमच पोत्यात भरली तर घाम धरते आणि फुटते.

५) चाळणे आणि साठवण. भुकटी चाळून पुन्हा मशीनमध्ये टाकतात. पोती पक्क्या छपराखाली, जमिनीपासून उंच फळ्यांवर ठेवावीत. चांगली कांडी पाण्यात टाकली तर बुडते, ही तिची परीक्षा. पण त्याच पाण्यात थोड्या वेळात ती फुगून लापशी होते, ही तिची मर्यादा. पावसाळ्यात गळक्या गोदामात ठेवलेली कांडी म्हणजे गेलेला पैसा समजावा.

दळण आणि दाब मिळून टनाला १०० युनिटांच्या आसपास वीज लागते. माल ओला असेल तर वाळवणीचा खर्च वेगळा.

हे सर्व पुस्तकात वाचून आम्हांला समाधान झाले नाही. ओळखीच्या एका पशुखाद्य करणाऱ्याला विनंती करून त्याच्या लहान मशीनवर आम्ही चार पोती पाचट घालून पाहिले. पहिले पोते सकाळचे, दव धरलेले होते. दहा मिनिटांत छिद्रे बंद झाली आणि ती ड्रिलने मोकळी करताना मालकाने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती लक्षात राहण्यासारखी होती. दुसरे पोते दोन दिवस उन्हात करपवून आणलेले. त्याची नुसती भुकटी झाली. तिसऱ्याला बेताने पाणी शिंपडले, तेव्हा कोठे कांडी धरली. चौथ्या पोत्यात माती आली होती. कांडी पडली, पण मशीनचा आवाज बदलला आणि मालकाने ते बंदच केले. पाचटातली वाळू आणि त्याच्या पानातील सिलिका रोलर-चकती कानशीसारखी घासते, हे त्या दिवशी आम्हांला कानाने कळले.

कोणत्या मालाची कांडी चांगली?

माल जळाल्यावर राख किती उरते आणि ती राख कशी वागते, यावर कांडीची प्रत ठरते. कठीण काडीच्या मालात, म्हणजे पऱ्हाट्या-तुराट्यांत, राख कमी असते. स्वच्छ माल असल्यास साधारण ३ ते ५ टक्के. गवत आणि पाचट यांसारख्या पानाच्या मालात ती ६ ते १० टक्क्यांपर्यंत जाते. भाताच्या तुसात तर सुमारे २० टक्के. त्यात माती मिसळली की आकडा आणखी चढतो.

नुसती राख वाढली तर ती उपसता येते. खरी अडचण वेगळी आहे. गवत आणि पाचटात पालाश आणि क्लोरीन जास्त असतात. त्यामुळे राख कमी उष्णतेलाच वितळते, भट्टीत तिचे खंगर बनतात आणि बॉयलरच्या नळ्यांवर थर चढतो. म्हणून बॉयलरवाला पानाच्या मालाला कमी भाव देतो किंवा तो काडीच्या मालात थोडाच मिसळतो.

गवताच्या बाबतीत यावर एक सोपा उपाय आहे. हिरवे गवत न कापता ते पक्व होऊन उभ्याने वाळू द्यावे. त्या काळात गवत आपले बरेच अन्नद्रव्य मुळांत परत ओढून घेते. राख कमी होते, वाळवणीचा खर्च वाचतो आणि पुढच्या पावसात फुटव्यालाही जोर राहतो. इंग्लंडमध्ये मिस्कँथस नावाचे उंच गवत वीज केंद्रासाठी लावतात, तेही हिवाळ्यात वाळल्यावरच कापतात. हे मिस्कँथस आणि आपल्या ओढ्याकाठचे कास ही दोन्ही उसाच्याच कुळातली गवते. कास गवताचे रक्त तर आपल्या उसात आहेच. कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात उसाचा त्याच्याशी संकर करून को. २०५ हे वाण निघाले, ते १९१८ साली लागवडीला आले आणि तेथून 'को.' वाणांची परंपरा सुरू झाली.

येथेच नेपियर गवताबद्दल सांगणे भाग आहे. "हत्ती गवत लावा, इंधनासाठी आम्ही घेऊ" असे सांगणारेही फिरतात. हिशेब असा करावा. हिरव्या नेपियरमध्ये ७५ ते ८० टक्के पाणी असते. एक टन कांडीसाठी चार ते साडेचार टन हिरवे गवत कापून, वाहून, वाळवावे लागते. शिवाय ते ओलितावर येते. आपल्या जिल्ह्यात ओलिताचे पाणी म्हणजे पैनगंगेवरचे बंधारे, लहान तलाव आणि विहिरी. त्या पाण्यावर जनावराचा चारा म्हणून नेपियर जरूर करावे. भट्टीसाठी करायचे तर भाव, खरेदीची हमी आणि वाळवण कोणाकडे, हे कागदावर घेतल्याशिवाय एक सरीही लावू नये.

आपल्या राज्यातील अनुभव

पाचटापासून इंधन ही कल्पना महाराष्ट्राला नवीन नाही. फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था १९६८ साली स्थापन झाली. तेथे डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाचे पाचट आणि बगॅस यांसारख्या हलक्या, सुट्या मालापासून जळणारा वायू तयार करणारी भट्टी विकसित केली आणि १९९० च्या दशकात ती उद्योगाच्या उष्णतेसाठी चालवून दाखविली. त्यांनाही पहिली झुंज द्यावी लागली ती मालाच्या हलकेपणाशीच.

पुण्याच्या अप्रोप्रिएट रुरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, म्हणजे 'आरती' संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली वेगळी वाट धरली. लोखंडी पिंपांत पाचट ठासून भरायचे, ती पिंपे विटांच्या भट्टीत ठेवून बाहेरून तापवायची, आतले पाचट हवेवाचून भाजून त्याचा कोळसा करायचा आणि त्या चुऱ्यात पिठाची खळ मिसळून कांड्या पाडायच्या. हा कोळसा धूर करत नाही. भट्टी शेतावर नेता येत असल्याने पाचट वाहून नेण्याचा प्रश्न उरत नाही, कोळसाच काय तो बाहेर जातो. या कामाबद्दल संस्थेला २००२ साली इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. जे पाचट शेतात नुसतेच पेटविले जात होते, त्याचे मोल या कामाने लोकांच्या नजरेस आणले.

तिसरा अनुभव खास कांडीचा आणि सर्वांत बोधप्रद आहे. २००६ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आखलेली 'ऊर्जा' नावाची पंख्याची चूल एका मोठ्या तेल कंपनीने बाजारात आणली. तिच्यात शेतमालाच्या कांड्याच जाळायच्या. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील खेड्यांत बायाबापड्यांनी ती आनंदाने घेतली. धूर नाही, भांडी काळी होत नाहीत. सुमारे ४ लाख चुली खपल्या. २००९ साली हा व्यवसाय पुण्याच्या एका कंपनीकडे गेला. पुढे कच्चा माल महागला, वाहतूक वाढली, कांडीचा भाव चढला. घरची बाई हिशेबाची पक्की असते. तिने चूल कोपऱ्यात ठेवली आणि पुन्हा सरपण किंवा गॅस धरला. मग कंपनीने घरगुती गिऱ्हाईक सोडून हॉटेलांकडे मोर्चा वळविला.

चूल उत्तम होती, कांडीही जळत होती. तरी धंदा घराघरांत टिकला नाही, कारण कचरा म्हणून स्वस्त मिळणाऱ्या मालाला गिऱ्हाईक लागले की तो कचरा राहत नाही. हे वाक्य शेतकऱ्याने उलट्या बाजूनेही वाचावे. माल आपल्या हातात आहे, तेव्हा त्याचे मोल आधी आपल्याला कळले पाहिजे.

विदर्भातलेही उदाहरण आहे. नागपुरात अंत्यसंस्कारासाठी लाकडाऐवजी शेतातील काडीकचऱ्याचे दाबलेले ओंडके 'मोक्षकाष्ठ' या नावाने वापरात आले आहेत. आणि गिऱ्हाईक वाढण्याचे मोठे कारण म्हणजे केंद्र सरकारचे वीजविषयक धोरण. दगडी कोळशावरील वीज केंद्रांनी कोळशात ५ टक्के जैविक कांड्या मिसळाव्यात असे धोरण २०२१ साली जाहीर झाले. आपल्याला सर्वांत जवळचे असे केंद्र म्हणजे अकोला जिल्ह्यातील पारसचे. ही मागणी एका हंगामाची नाही, म्हणूनच व्यापारी धुऱ्यावर येऊन उभा राहिला आहे.

आता पाचटाचा हिशेब

एक हेक्टर उसातून ८ ते १० टन पाचट निघते, म्हणजे एकरी साडेतीन ते चार टन. त्यात अर्धा टक्का नत्र, ०.२ टक्के स्फुरद, पाऊण ते एक टक्का पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. टक्केवारी वाचून काही डोळ्यांसमोर उभे राहत नाही, म्हणून गोण्यांत सांगतो. चार टन पाचटात

नत्र २० किलो, म्हणजे युरियाची जवळजवळ एक गोणी;

स्फुरद ८ किलो, म्हणजे सिंगल सुपर फॉस्फेटची एक गोणी;

पालाश ३० ते ४० किलो, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅशची एक गोणी पुरी आणि वर थोडे;

आणि वर सुमारे सव्वा ते दीड टन सेंद्रिय कर्ब, जो कोणत्याही गोणीत मिळत नाही.

व्यापारी जी रक्कम देऊ करतो तिच्याशेजारी या गोण्यांची आजची किंमत लिहावी. मग त्यात शेणखताच्या एका ट्रॉलीची किंमत मिळवावी. निम्म्या वेळा उत्तर येथेच मिळते.

पाचट पेटविले तर काय होते? नत्र आणि कर्ब धुरात जातात, गांडुळे आणि उपयोगी जिवाणू भाजतात, बुडख्यांचे वरचे डोळे करपतात. पण स्फुरद-पालाश राखेत उरतात आणि वाऱ्याने उडेल तेवढे सोडून बाकी आपल्याच वावरात राहतात. पाचट विकले तर? कर्ब गेला, नत्र गेले आणि पालाशही ट्रॉलीत बसून गेला. म्हणजे अन्नद्रव्याच्या हिशेबाने पाहिले तर नेहमी विकणे हे जाळण्याहूनही तोट्याचे. जाळणे चांगले असा याचा अर्थ कोणी काढू नये. दोन्हींत तोटाच आहे. विकण्यातला तोटा पैसे हातात पडल्यामुळे दिसत नाही, एवढेच. विशेष म्हणजे हाच पालाश बॉयलरवाल्याला नको असतो, तो त्याच्या नळ्या खराब करतो. ज्याला तो नको त्याच्याकडे पाठवायचा आणि आपण बाजारातून गोणी आणायची, हा व्यवहार कोणत्या शहाण्याचा?

एक कबुली येथे द्यायला हवी. नोकरीच्या सुरुवातीला आम्हीही, "पाचट पेटवा, खोडवा एकसारखा फुटतो" असे सांगत होतो. वरून तसेच ऐकले होते आणि राखेवरचा हिरवागार फुटवा डोळ्यांना छान दिसायचा. तो फुटवा मे महिन्यात कसा राहतो, हे आम्ही उशिरा पाहायला शिकलो. गेल्या उन्हाळ्यात पैनगंगेच्या काठच्या एका गावी एकाच धुऱ्याच्या दोन बाजूंना दोन भावांचे खोडवे पाहिले. जमीन एक, बेणे एक, विहीरही वाटणीतली एकच. थोरल्याने दोन वर्षे पाचट विकलेले. त्याच्या सरीत भेगा एवढ्या की बोट आत जात होते, आणि पाणी देऊन आठवडा झाला नव्हता. धाकट्याने पाचट सरीत ठेवलेले. ते बाजूला करून माती मुठीत घेतली तर ओल हाताला लागली, दोन गांडुळेही निघाली. थोरला भाऊ आमच्याबरोबरच उभा होता. तो एवढेच म्हणाला, "साहेब, पैसे तर पोराच्या फीमध्ये गेले. पाणी कुठून आणू?"

त्याला दोष देता येत नाही. फीची तारीख पाचट कुजेपर्यंत थांबत नाही. म्हणून नुसते "विकू नका" म्हणून आमचे काम संपत नाही. पाचट ठेवण्यातल्या अडचणी कशा सोडवाव्यात आणि विकण्याजोगा दुसरा माल कोणता, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

पाचट ठेवण्याची पद्धत अशी. तोड झाल्याबरोबर बुडखे जमिनीलगत छाटावेत. पाचट सरीत ओढून घ्यावे. एकरी ३२ किलो युरिया आणि ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट त्यावर फेकावे. पाचट कुजविणारे जिवाणू एकरी ४ किलो शेणखतात मिसळून टाकावेत आणि पाणी द्यावे. पाणी सरीतून पुढे सरकत नाही अशी तक्रार असेल तर एका सरीत पाचट आणि दुसरीत पाणी, अशी सरीआड पद्धत ठेवावी. ट्रॅक्टरचे श्रेडर मिळत असेल तर पाचट बारीक करून घ्यावे. ते लवकर बसते आणि उंदरांनाही घर मिळत नाही.

याला अपवाद आहेत. ज्या फडात खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण फार पसरला असेल, तेथील पाचट बाहेर काढणे हिताचे. ज्या फडाचा खोडवा मोडायचा आहे आणि लगेच दुसरे पीक घ्यायचे आहे, तेथेही काही भाग देता येईल. असे पाचट जाळण्यापेक्षा कांडीला गेलेले बरे. परंतु त्याच वावरातून लागोपाठ दोन वर्षे नेऊ नये.

मग कांडी कशाची?

आपला जिल्हा मुळात सोयाबीन, तूर आणि कपाशीचा. आपल्यातील बहुतेक सभासदांचा ऊस विहिरीजवळच्या दोन-तीन एकरांत, बाकी शेत कोरडवाहू. तेव्हा कांडीचा माल उसाच्या फडात शोधण्याऐवजी बाकीच्या शेतात शोधावा.

पऱ्हाट्या पहिल्या पसंतीच्या. हेक्टरी साधारण २ ते ३ टन निघतात, काडी कठीण, राख कमी. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाट्यांच्या कांड्या आणि ओंडक्यांवर बरेच काम केलेले आहे. पऱ्हाटी शेतातून वेळेवर हलण्याचा दुसरा मोठा फायदा म्हणजे गुलाबी बोंडअळी. फरदडीचा मोह धरून किंवा धुऱ्यावर ढीग रचून ठेवलेल्या पऱ्हाट्यांच्या किडक्या बोंडांतच ती अळी उन्हाळा काढते आणि पुढच्या खरिपात आपल्याच कपाशीवर येते. पऱ्हाटी उपटून गेली की इंधनही झाले आणि किडीचे घरही मोडले.

तुराट्या दुसऱ्या. राख कमी, जळायला उत्तम. घरच्या चुलीपुरत्या ठेवून उरलेल्या द्याव्यात.

सोयाबीनचे कुटार आणि हरभऱ्याचे कुटार यांवर पहिला हक्क जनावरांचा. पावसात भिजून काळे पडलेले, जनावर तोंड लावत नाही असे कुटारच भट्टीला जावे.

पडिकातले, धुऱ्यावरचे पक्व वाळलेले गवत आणि घाणेरीसारखी झुडपे थोड्या प्रमाणात मिसळता येतात. गाजर गवत फुलावर येण्यापूर्वी उपटून खतखड्ड्यात घालणे अधिक चांगले, कारण कांडीसाठी वाळेपर्यंत ठेवले तर त्याचे बी सगळ्या रस्त्याने सांडते. गायरान आणि जंगलाचे गवत परवानगीशिवाय कोणी कापू नये.

थोडक्यात क्रम असा लक्षात ठेवावा: आधी गोठा, मग जमीन, मग भट्टी.

मशीन टाकण्यापूर्वी

तासाला एक टन काढणारे मशीन दिवसाला आठ तास आणि वर्षाला ३०० दिवस चालवायचे तर २,४०० टन माल लागतो. एकरी सुमारे एक टन पऱ्हाटी धरली तर हा अडीच हजार एकरांचा माल झाला, आणि तो सगळा फेब्रुवारी ते एप्रिल या तीन महिन्यांत गोळा करून वर्षभर कोरडा ठेवायचा. मशीन विकणारा मशीनची किंमत सांगतो, छपराची सांगत नाही. आमच्या माहितीतील एका गावच्या गटाने कर्ज काढून मशीन आणले, पण साठवणीची शेड नव्हती. जूनमध्ये माल भिजला, जुलैमध्ये मशीन बंद पडले, हप्ते मात्र बंद पडले नाहीत.

म्हणून चार गोष्टी सांभाळाव्यात.

१) ओलाव्यावर भाव ठरवावा. ३० टक्के ओलाव्याच्या एक टनात कोरडा माल ७०० किलोच असतो, १२ टक्क्यांच्या टनात ८८० किलो. एक टन कांडीला पहिल्या प्रकारचा माल सुमारे १३ क्विंटल लागतो. वाळवून विकणाऱ्याला जास्त भाव मिळालाच पाहिजे. आपल्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत १०५ अंशांवर ओव्हनमध्ये नमुना वाळवून ओलावा काढता येतो. सभासदांनी नमुना बंद पिशवीत आणावा, आम्ही तो तपासून घेऊ.

२) एकरी उक्ते देऊ नये. वजनकाट्यावर, टनाच्या भावाने द्यावे.

३) सुरुवात मशीनपासून करू नये, माल गोळा करण्यापासून करावी. पाच-सहा गावांच्या सभासदांनी मिळून कुट्टी, वाळवण आणि वजन एवढेच एकत्र केले तरी व्यापाऱ्याशी बोलताना आपला शब्द वजनदार होतो. एक हंगाम माल किती जमतो ते पाहून मग मशीनचा विचार करावा.

४) पाचट अपवाद म्हणून दिलेच तर त्या फडाला शेणखत, प्रेसमड किंवा ताग-धैंचा यांपैकी काहीतरी परत द्यावे. नेलेले परत दिले नाही तर ते कर्जच आहे, आणि जमीन आपले कर्ज उताऱ्यातून वसूल करते.

बंधूंनो, एकेकट्याने साखर करता येत नव्हती म्हणूनच १९५० साली प्रवरानगरला ऊस उत्पादकांचा राज्यातील पहिला सहकारी कारखाना उभा राहिला. तोवर ऊस आपला आणि भाव दुसऱ्याचा, अशीच रीत होती. आज काडीकचऱ्याच्या बाबतीत आपण पुन्हा त्याच उंबरठ्यावर आहोत. माल आपला आहे. भाव कोण ठरविणार, हे आपण एकत्र बसतो की नाही यावर राहील.

पऱ्हाट्या-तुराट्यांच्या एकत्र खरेदीसंबंधी ज्या गावांतील सभासदांना बोलावयाचे असेल त्यांनी आपल्या गटाच्या स्लिप बॉयकडे किंवा ऊस विकास विभागात नाव नोंदवावे. पाच गावे तयार झाली की आम्ही तेथे येऊन बैठक घेऊ आणि कारखान्याच्या संचालक मंडळापुढे विषय ठेवण्याची विनंती करू. तोपर्यंत ज्यांची तोड झाली आहे त्यांनी काडीपेटी खिशातच ठेवावी, पाचट सरीत ओढावे आणि व्यापारी आला तर त्याला पऱ्हाटीचा भाव विचारावा, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी